मातीची चूल, उघड्यावरची: काही महिन्यांच्या वापरानंतर

चिकणमाती, वाळू, पेंढा आणि दगड एवढ्यावर उभी केलेली ही चूल कोरड्या दिवसांतही वापरून झाली आणि पावसातही. तासभर मंद आचेवर काही शिजवायचं असेल तर हिच्यासारखी हीच. तांब्याभर पाणी पटकन गरम करायचं असेल तर मात्र जीव जातो.

माती धग अडवते असा सर्रास समज आहे. जड, घट्ट माती उलट धग पिते. पेटवल्यावर पहिला बराच वेळ भांड्याऐवजी भिंतीच तापत बसतात. एकदा तापल्या की जाळ विझल्यावरही भांडं गरम राहतं, हा त्याचाच फायदा. म्हणून जाळाच्या वाटेभोवतीच्या गाऱ्यात मी पेंढा सढळ हाताने घातला. आचेजवळचा पेंढा जळून जातो, मागे बारीक पोकळ्या उरतात आणि त्यांतली हवा धग अडवते. नुसती भिंत जाड करून हे साधत नाही.

खरी करामत तोंडाची. 1980 च्या दशकात अमेरिकी अभियंते लॅरी विनियार्स्की यांनी रॉकेट स्टोव्हची मांडणी केली: जळण सरकवायला आडवी वाट, तिला जोडून उभी नळी, आणि जळणाखालून हवा. माझी चूल त्याच धर्तीची. मी आडव्या वाटेत एक चपटा दगड फळीसारखा बसवलाय. वर काटक्या, खालून हवा. दगड काढून काटक्या तळाला टेकवल्या की जाळ लगेच पिवळा, आळशी होतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. दगड परत सरकवला की नळीतून घुं‌ऽऽ आवाज येतो, धूर जवळपास थांबतो. काटक्या अंगठ्याएवढ्याच जाड हव्यात आणि खडखडीत वाळलेल्या. ओंडके कोंबायची सवय असणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये. फळीखालची राखही वेळच्या वेळी ओढायची, नाहीतर हवेची वाटच बुजते.

भांड्याखाली तीन उंचवटे आहेत, साधारण बोटभर फट राहील एवढे. फट कमी पडली तर जाळ कोंडून धूर तोंडातून उलटा येतो, जास्त झाली तर धग बाजूने निसटते.

चिरा पडतातच, घाबरू नका. माती वाळताना आकसते. चिकणमातीच्या एका भागाला दोन-तीन भाग वाळू घातली की त्या आटोक्यात राहतात. चूल सावलीत सावकाश वाळवायची, पहिले जाळ अगदी लहान ठेवायचे. नख जाईल एवढी चीर दिसली तर ती ओली करून गारा भरते, केसाएवढीकडे बघतही नाही. दगड मात्र कोरड्या जागेचेच घ्या. नदीपात्रातल्या दगडात पाणी मुरलेलं असेल तर तो आचेत तडकून उडू शकतो.

माझी खरी तक्रार पावसाबद्दल. एका सरीत बाहेरचा कोपरा ओघळून गेला. नळीचा आतला भाग मात्र तांबूस आणि टणक, ओल्या बोटाने घासला तरी मऊ पडत नाही. साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या पुढे चिकणमातीच्या रचनेतलंच पाणी निघून जातं, मग ती पाण्यात पुन्हा विरघळत नाही. बाहेरचा थर तेवढा कधीच तापत नाही, म्हणून कच्चाच राहतो. त्यावर छप्पर हाच उपाय. ते उंच हवं आणि चारही बाजू उघड्या हव्यात, कारण धूर दिसेनासा झाला तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होतच असतो आणि त्याला वास नसतो.