शाळा बंद, मूल गप्प: व्हिडिओ सल्ला, हेल्पलाइन की ओपीडी?

पंधरा-सोळा वर्षांचं मूल बोलेनासं झालं, झोप-जेवण बिघडलं, आणि बाहेर साथ चालू आहे. अशा वेळी कुठे जायचं? कोविडच्या काळात व्हिडिओ सल्ला, हेल्पलाइन आणि रुग्णालयाची ओपीडी हे तिन्ही मार्ग अनेक घरांनी वापरून पाहिले. तज्ज्ञ किती नावाजलेला आहे, हे मी नंतर पाहीन. आधी पाहीन ते मुलाला घरात मोकळेपणी बोलता येतं का.

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम जाहीर झाले आणि डॉक्टरांना व्हिडिओवर रुग्ण तपासणं रीतसर शक्य झालं. एप्रिलात ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेची मोफत ऑनलाइन ओपीडीही आली. यात औषधांची चिठ्ठी मिळते, आणि एकच डॉक्टर धरून ठेवला तर त्याला मुलाची सगळी हकीकत माहीत असते. लांबच्या उपचाराला हा मार्ग सर्वात चांगला. मात्र रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत प्रौढ व्यक्ती हवीच, असा नियम आहे. त्रास वडिलांच्या मारामुळे असेल, तर मूल तो वडिलांना शेजारी बसवून कसा सांगणार? एका खोलीच्या घरात हेडफोनही कामाचा नाही, कारण डॉक्टरचा प्रश्न ऐकू आला नाही तरी मुलाचं उत्तर सगळ्यांना ऐकू येतं.

हेल्पलाइन पालकांना विचारत नाही, हे तिचं मोठं बळ. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेली ‘किरण’ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आणि मराठीतही होती. आता १४४१६ हा ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे. साध्या फोनवरूनही लागतो. सहसा औषध मिळत नाही, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागू शकतं. बोलायलाच जागा नसेल तर लिहून मदत मागता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ने ईमेल आणि चॅटची सोय ठेवली होती. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या १५ ते २४ वयाच्या फक्त ४१ टक्के मुलामुलींनी मानसिक त्रासात इतरांची मदत घेणं चांगलं, असं म्हटलं होतं. इतका संकोच असताना पहिलं पाऊल सोपं हवं, म्हणून मी हेल्पलाइनला झुकतं माप देते.

शाळेचा समुपदेशक असेल तर त्यालाही जरूर फोन करा, पण त्या काळात शाळेबरोबर ही वाटही बऱ्याच मुलांसाठी बंद झाली.

ओपीडीत डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलू शकतात. पण मुंबईत लोकल सर्वसामान्यांसाठी मार्च २०२० पासून बरेच महिने बंद होती, आणि नायरसारखं रुग्णालय कोविडसाठी राखलेलं. लांबच्या बदलापूरच्या मुलीने परळच्या रुग्णालयात पोचायचं कसं? तरीही मूल मरणाची भाषा बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, नसलेले आवाज ऐकत असेल, तर तुलना करत बसू नका. एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा.

एवढा धोका नसेल आणि घरात दार लावता येत असेल, तर व्हिडिओ निवडा. दार नसेल, किंवा त्रासाचं मूळ घरातच असेल, तर हेल्पलाइन. मग रोज अर्धा तास फोन त्याच्या हाती द्या, तेवढा वेळ बाहेर चक्कर मारून या, आणि नंतर कॉलची यादी तपासू नका.