चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी फसले

भुसावळला आमच्या शेजारी गोव्याच्या एक आंटी राहायच्या. चोरीस, म्हणजे गोव्याचे सॉसेज, मी त्यांच्याकडूनच शिकले. डुकराचं मांस, मीठ, लाल मिरची, लसूण, व्हिनेगर. आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, म्हणून हे काम फक्त थंडीतलं. आंटी मांस सुरीनेच चिरायच्या. माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा गेल्या डिसेंबरात जळगावच्या एका दुकानातून ६,८०० रुपयांना खिम्याचं मशीन आणलं.

दुकानदाराने काउंटरवरचं चुंबक उचलून मशीनच्या तोंडाला लावलं. ते घसरून पडलं. "बघा ताई, चिकटतं का? ३०४ स्टील आहे, आयुष्यभर गंजणार नाही." ३०४ म्हणजे भांड्यांसाठी वापरतात तो स्टेनलेस स्टीलचा एक चांगला प्रकार. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे मीही ऐकून होते, लगेच विश्वास ठेवला. चुंबक अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन किलो मांस मीठ-व्हिनेगर लावून मशीनमधून काढलं. खिम्याच्या कडेला काळसर राखाडी ओघळ. कारखान्यातलं तेल असेल म्हणून गरम पाण्याने, साबणाने धुतलं. पांढऱ्या फडक्याने आतून पुसलं, फडकं काळं. परत धुतलं, परत काळं. रात्री तोंडाच्या आत चमचाभर मीठ-व्हिनेगर ठेवलं. सकाळी तिथली चकाकी गेलेली आणि पाणी करडं. भाग सुटा करून हातात घेतला तेव्हा तो किती हलका आहे ते कळलं. स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. दुकानात जाणवलेलं वजन सगळं मोटारीचं होतं. मांस फेकून दिलं. तीन किलो.

त्याहून भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ओल्या हाताने मशीन धरलं की बोटांना मुंग्या यायच्या. वायरमनला बोलावलं, त्याने प्लग उघडला. बाहेरून तीन पिना, आत मात्र वायरी दोनच. वरच्या जाड पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं, म्हणजे लोखंडी बॉडीला अर्थिंगच नाही. मांसाचं काम म्हणजे हात सतत ओले, खाली फरशी ओली. माझी मुलगी त्याच ओट्याशी उभी राहून मला मदत करत होती.

दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. माझ्याकडे नुसती कच्ची चिठ्ठी, तीवर 'मशीन १ नग' एवढंच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यांनीही आधी बिलच विचारलं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी मांस जातं तो भाग सुटा करून हातात तोला. प्लग समोर उघडायला लावा, तिसरी वायर बॉडीपर्यंत जोडली आहे का ते जाणकाराला दाखवा. आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर 'आतले भाग ३०४ स्टील' असं लिहून मागा. दुकानदार लिहून द्यायला का-कू करू लागला, तर तिथूनच मागे फिरा.