मुंबईचं वस्तुसंग्रहालय की नागपूरचा अजब बंगला?

मुलांना सुट्टीत महाराष्ट्राचा इतिहास आणि इथले प्राणी-पक्षी एकाच ठिकाणी दाखवायचे असतील, तर मोठे पर्याय दोनच: मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मला फार आवडतं. तिथले दिवे आणि अडकित्ते बघताना जुनं घर कसं चालायचं ते कळतं. पण निसर्ग तिथे नाही, म्हणून या तुलनेत ते घेतलेलं नाही.

निवड करण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपलं राज्य 1960 चं आणि ही दोन्ही संग्रहालयं त्याच्या कितीतरी आधीची. नागपूरचं 1863 मध्ये, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात सुरू झालं. मुंबईच्या इमारतीची पायाभरणी 1905 ची, आणि लोकांसाठी ती खुली झाली 1922 मध्ये. म्हणजे मुंबईत दिसतो तो इंग्रजांच्या काळातला मुंबई इलाखा, ज्यात सिंध आणि कर्नाटकाचा काही भागही होता, आणि नागपुरात दिसतो तो जुना मध्य प्रांत. मुंबईच्या शिल्पदालनात घारापुरीच्या मूर्ती आहेत, तशीच सिंधमधल्या मिरपूरखासच्या स्तूपाची मृण्मय शिल्पं आहेत आणि कर्नाटकातल्या ऐहोळेचे छताचे कोरीव शिलापटही आहेत. नागपुरात गुंगेरियाचा ताम्रनिधी, म्हणजे तांब्याच्या अवजारांचा साठा, आहे. ते गाव बालाघाट जिल्ह्यातलं, आज मध्य प्रदेशात. हे माहीत असलं की ‘हे इथे कसं?’ हा प्रश्न अडत नाही, उलट मुलांना नकाशा उघडून दाखवायला चांगलं निमित्त मिळतं.

मुंबईची ताकद मांडणीत आहे. प्रकाशयोजना नीट आहे, माहितीफलक वाचता येतात, मराठीत ऑडिओ गाइडही मिळतो. इतिहासातली एकच वस्तू बघायला वेळ असेल तर मी नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा निवडेन. आपल्याच काळ्या बसाल्टवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे थेट अधिकचं चिन्ह. मुलांना एवढंच सांगा आणि अक्षरं शोधायला लावा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी वसईजवळच्या बंदरावर राजाचा हुकूम लोकांच्या बोलीत लिहिला गेला होता, हे त्या दगडापुढे उभं राहिल्यावर पटतं.

निसर्गविभागातही मुंबईच पुढे आहे. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा या विभागाला आधार होता आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली 1926 मध्ये इथेच गाइड-लेक्चरर म्हणून नोकरीला लागले. गवा, वाघ, रोहित (फ्लेमिंगो), महाधनेश (मोठा हॉर्नबिल) हे त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यासह मांडलेले आहेत. महाधनेशापुढे जरा रेंगाळा. याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला फळं भरवत राहतो. मोठी झाडं तुटली की या पक्ष्याची घरं का जातात, हे वेगळं समजवावं लागत नाही.

मुंबईची अडचण तिच्या श्रीमंतीतच आहे. टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं, चीन-जपानच्या कलावस्तू, तिबेट-नेपाळच्या मूर्ती या साऱ्यात महाराष्ट्र शोधावा लागतो. सगळं पाहायचा हट्ट धरलात तर तिसऱ्या दालनात मुलं बसकण मारतील. शिल्पं, प्रागैतिहासिक दालन आणि निसर्गविभाग एवढंच ठरवून जा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा.

अजब बंगल्याचं उलट आहे. मांडणी जुन्या वळणाची, पेंढा भरलेले प्राणी काचेच्या कपाटांत. मुंबईचा झगमगाट डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर सुरुवातीला हिरमोड होईल. पण इथलं बरंचसं आजूबाजूच्या मातीतून आलेलं आहे. गुंगेरियाचा साठा 1870 मध्ये मिळाला: 424 तांब्याची अवजारं आणि 102 चांदीचे पातळ पत्रे, त्यांतले काही बैलाच्या मुखवट्यासारखे. त्यातली काही अवजारं ब्रिटिश म्युझियममध्ये गेली, बरीच इथे आहेत. त्या जड, चपट्या कुऱ्हाडी पाहिल्या की लोखंडाआधीच्या माणसाने जंगल कशाने तोडलं असेल याचा अंदाज येतो.

गोंड, कोरकू यांच्या जीवनावरचं आदिवासी दालन हे इथे जाण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण. शाळेच्या पुस्तकात गोंड राजांना जेमतेम दोन ओळी मिळतात, आणि खुद्द नागपूर शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंदने. जीवाश्मांचा विभागही घाईत ओलांडू नका. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूर परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले जीवाश्म अभ्यासले. दख्खनचं पठार जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत घडलं, आणि मधल्या शांत काळात तिथे तळी होती, जीव होते, ही गोष्ट विदर्भाइतकी जवळून क्वचितच सांगता येते.

माझं मत स्पष्ट आहे. मुलं दहा वर्षांच्या आतली असतील, किंवा घरातल्या कुणाचीच संग्रहालयाची ही पहिली वेळ असेल, तर मुंबई. ताडोबा किंवा पेंचला निघाला असाल तर मात्र नागपूर चुकवू नका. जंगलात जाण्याआधी दोन-तीन तास इथे द्या, आणि वेळ उरला तर प्राचीन वाकाटक राजांच्या राजधानीचं नगरधन रामटेकच्या वाटेवरच आहे. मुंबई पाहून झालेल्यांनीही आता नागपूरच धरावं. तिकीट नागपूरला बरंच स्वस्त पडतं, पण सोमवारी ते बंद असतं आणि कोणती दालनं उघडी आहेत हे आधी विचारून घेतलेलं बरं.

मराठवाड्यातल्या वाचकांना मात्र यातलं कुठलंच पुरेसं वाटणार नाही, कारण त्यांचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यांनी धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठावं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातला रोमन व्यापार मातीच्या मूर्तींतून आणि हस्तिदंती बाहुलीतून समोर येतो, आणि ते बघायला दीड तासही पुरतो.