वाचन शिकवण्यातला मास्टर्स केला, आठ महिने वर्गात वापरून झाल्यावर लिहितेय

बारा वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, आणि नोकरी सांभाळून दोन वर्षांचा पार्ट टाइम मास्टर्स केला, विषय फक्त लहान मुलांना वाचायला शिकवणं. कोर्स संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले, म्हटलं वर्गात काय टिकतंय ते आधी बघू.

सगळ्यात मोठा फरक सांगते. आधी मूल वाचताना अडलं की मी पालकांना म्हणायचे, सराव कमी पडतोय, घरी रोज वाचून घ्या. सगळ्यांना एकच औषध. आता शेजारी बसते, छोटा उतारा देते आणि मूल जसं वाचेल तसं कागदावर टिपत जाते, कुठे थांबलं, काय म्हणालं, मागे येऊन स्वतः सुधारलं का. दुसरीतल्या एका मुलीनं "किल्ली" या शब्दाला बिनधास्त "चावी" वाचलं. पूर्वी मी म्हटलं असतं, वा, अर्थ कळलाय की, आणि पुढे गेले असते. पण तिनं शब्द वाचलाच नव्हता, शेजारचं चित्र वाचलं होतं. चित्र हातानं झाकलं तर "कि"वरच गाडी अडली, कारण पहिली वेलांटी लिहिताना क च्या आधी येते आणि बोलताना नंतर, आणि हे तिला कुणी नीट दाखवलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. तो आठवडा आम्ही फक्त कि, मि, दि, पि केलं, बाकी काही नाही.

थिअरी पहिल्या सेमिस्टरला जड जाते, पण गफ आणि टनमर या संशोधकांचं १९८६ चं मॉडेल मात्र डोक्यात कायमचं बसलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार! एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. माझ्या वर्गात एक मुलगा धडाधड वाचायचा, पाहुणे आले की मी त्यालाच उभं करायचे, आणि गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प. ते मॉडेल वाचलं त्या रात्री त्याचाच चेहरा डोळ्यासमोर आला, फार वाईट वाटलं. आता त्याच्याबरोबर वाचण्याआधी शब्दांवर बोलते, अर्ध्या पानावर थांबून पुढे काय होईल ते विचारते. हळूहळू बोलायला लागलाय.

न आवडलेलं पण सांगायलाच हवं. सगळा अभ्यासक्रम इंग्रजी धरून बनवलेला. एल्कोनिन बॉक्स शिकवले, म्हणजे शब्दातल्या एकेका ध्वनीला एकेका चौकटीत एकेक खडा ठेवायचा. इंग्रजीत "कॅट"चे तीन. मी उत्साहात "कमळ" दिलं, मुलांनी तीन खडे ठेवले, क-म-ळ, आणि मी दोन आठवडे पाचासाठी (क्-अ-म्-अ-ळ्) हट्ट धरून बसले, मुलं पार गोंधळली. मग स्वतःच शोधताना संशोधक सोनाली नाग यांचं २००७ चं कन्नड मुलांवरचं काम सापडलं, आपल्यासारख्याच, एका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र असलेल्या लिपीत अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतसुद्धा वेळ जातो आणि सुटे ध्वनी ऐकू येणं सावकाश येतं. मुलांचं चुकत नव्हतंच! हा पेपर आमच्या वाचनयादीत नव्हता. आता आधी अक्षर, मग त्याचा काना-मात्रा काढून-घालून बघणं, आणि सुट्या ध्वनींची घाई नाही.

दुसरं म्हणजे प्रॅक्टिकम, म्हणजे वर्गात प्रत्यक्ष शिकवून दाखवायचा भाग. तासाचा व्हिडिओ पाठवायचा आणि मेंटॉरचा फीडबॅक दीड महिन्यानं, तोवर वर्ग कुठल्या कुठे गेलेला. खरं शिकणं तिथेच होतं, म्हणून हे जास्त लागलं. बाकी असाइनमेंट, परीक्षा ठीक.

खालचे वर्ग शिकवत असाल तर कराच असं मी म्हणेन, फक्त अ‍ॅडमिशनआधी दोन गोष्टी विचारून घ्या, तुमचा तास कोण बघणार आणि किती दिवसांत बोलणार, आणि असाइनमेंट तुमच्या मुलांच्या भाषेत करू देणार का.

ती चावीवाली मुलगी परवा "सूर्य"वर बोट ठेवून म्हणाली, टीचर, हा र य च्या डोक्यावर का बसलाय, ऐकू तर आधी येतो ना? पुढचा आठवडा रफाराचा.