विस्मृत बेसबॉलपटूंचे विश्वसनीय दप्तर : ‘सेबर’चा चरित्रप्रकल्प

बेसबॉलच्या आरंभीच्या व्यावसायिक काळावर प्रश्नमंजूषा रचणाऱ्यांना किश्शांचा तुटवडा कधीच जाणवत नाही. त्यांतला खरा किस्सा कोणता आणि सांगोवांगी फुगलेला कोणता, हे ठरवायला मात्र आधार लागतो. ‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’ या संस्थेचा, म्हणजे जाणकारांच्या तोंडी असलेल्या ‘सेबर’चा, खेळाडूंच्या चरित्रांचा ऑनलाइन प्रकल्प हा आधार बऱ्याच अंशी पुरवतो. १९७१ साली कूपरस्टाउन येथे सोळा जणांनी एकत्र येऊन ही संस्था स्थापन केली आणि २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. स्वयंसेवकांनी लिहिलेली हजारो चरित्रे तेथे आहेत आणि ती वाचण्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

या सेवेची योग्यता रॉस बार्न्सच्या चरित्रावरून चांगली कळते. १८७६ साली नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यातला पहिला होम रन, म्हणजे एकाच फटक्यावर सर्व बेस फिरून काढलेली धाव, शिकागोच्या या खेळाडूने घेतला आणि त्या हंगामात फलंदाजीची .४२९ ची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचे, म्हणजे ‘हिट’चे, प्रमाण) राखली. पहिला टप्पा मैदानाच्या वैध भागात पडून नंतर रेषेबाहेर वळणारा चेंडू त्या वेळी वैध धरला जाई आणि असे फटके मारण्यात बार्न्सचा हातखंडा होता. १८७७ मध्ये हा नियम बदलला आणि बार्न्स संपला, एवढेच प्रश्नमंजूषांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. चरित्र वाचल्यावर कळते की त्याच वर्षी तो दीर्घ आजाराने खंगला होता, हंगामातील बरेच सामने त्याला मुकावे लागले आणि आजारपणात कापलेल्या पगारासाठी त्याने क्लबवर दावा लावला, जो तो हरला. नियमबदलाचा वाटा यात नव्हताच असे नाही. पण एका ओळीचे सुटसुटीत उत्तर अपुरे ठरते आणि खेळाडूला पगारी नोकर मानणाऱ्या त्या काळाचे व्यवहारी रूप समोर येते. माझ्या मते या प्रकल्पाचे खरे काम हेच आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. पहिला कृष्णवर्णीय मेजर लीग (अव्वल दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धांतील) खेळाडू म्हणून १८८४ साली टोलेडोकडून खेळलेल्या मोझेस फ्लीटवुड वॉकरचे नाव दीर्घकाळ दिले जात असे. ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी विल्यम एडवर्ड व्हाइट २१ जून १८७९ रोजी प्रॉव्हिडन्सकडून एकमेव सामना खेळला होता, तोही जखमी फर्स्ट बेसमनच्या (पहिल्या बेसवरील क्षेत्ररक्षकाच्या) जागी. हा व्हाइट जॉर्जियातील एका मळेमालकाचा आणि त्याच्याच गुलाम स्त्रीचा मुलगा असल्याचे ‘सेबर’च्या संशोधकांनी जनगणनेसारखी जुनी कागदपत्रे पडताळून २००४ च्या सुमारास पुढे आणले. पुढील आयुष्यात तो श्वेतवर्णीय म्हणून वावरला, त्यामुळे ‘पहिला कोण’ या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. प्रश्नकर्त्याला ही अडचण वाटेल. वाचकाच्या दृष्टीने ती मेजवानी आहे.

उणिवा आहेत आणि त्या स्वयंसेवी कामाच्या स्वभावातूनच आल्या आहेत. काही लेख नेटके आहेत, तर काही प्रत्येक सामन्याची धावसंख्या सांगत रेंगाळतात. नवख्या वाचकाला त्याहून जास्त जाचणारी गोष्ट म्हणजे तत्कालीन नियमांची गृहीत धरलेली माहिती. पिचर (चेंडू टाकणारा) आणि होम प्लेट (फलंदाजाजवळची पाटी) यांतील अंतर आधी ४५ फूट होते, १८८१ मध्ये ते ५० फूट आणि १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच झाले. हे ठाऊक नसेल, तर बम्पस जोन्स या पिचरची गोष्ट निव्वळ दुर्दैवाची वाटते. १५ ऑक्टोबर १८९२ रोजी सिनसिनाटीकडून पदार्पण करताना त्याने पिट्सबर्गला एकही हिट घेऊ दिली नाही. अंतर वाढल्यानंतरच्या हंगामात त्याला आणखी एकच विजय मिळाला आणि तेथेच त्याची मेजर लीगमधील कारकीर्द थांबली. आकड्यांचेही तसेच आहे. १८७१ मध्ये लेव्हाय मायर्लने .४९२ ची सरासरी गाठली आणि १८८७ मध्ये टिप ओनीलच्या नावावरही .४९२ लागली, मात्र त्या एका वर्षी ‘वॉक’सुद्धा (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) हिट म्हणून मोजले जात होते आणि आजच्या हिशेबाने ओनीलची सरासरी .४३५ भरते.

म्हणून ही चरित्रे वाचताना ‘बेसबॉल रेफरन्स’ हे आकडेवारीचे संकेतस्थळ शेजारी उघडे ठेवणे श्रेयस्कर. तेथे कोष्टके झटपट मिळतात, चरित्रांत त्यांमागचे वाद सापडतात. १८७८ चा फलंदाजीचा मान आधी ॲबनर डॅलरिंपलला दिला गेला होता, कारण बरोबरीत सुटलेले सामने हिशेबात धरलेच नव्हते. ते धरल्यावर तो मान पॉल हाइन्सकडे, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, आला. कोष्टकात याची फक्त अंतिम बेरीज उरते.

झटपट वीस प्रश्न हवे असणाऱ्याने इकडे फिरकू नये. एका प्रश्नावर संध्याकाळ घालवायची तयारी असेल, तर सुरुवात जिम डेव्हलिनपासून करावी. १८७७ च्या हंगामात लुईव्हिलसाठी टाकलेला प्रत्येक चेंडू त्यानेच टाकला, त्याच हंगामातील सामने पैशांसाठी हरल्याबद्दल तीन सहकाऱ्यांसह त्याच्यावर कायमची बंदी आली आणि पुढे फिलाडेल्फियात पोलिसाची नोकरी करणारा हा पिचर १८८३ मध्ये वारला.