नॅकच्या वाटेवरचं बी.एड. कॉलेज : पाठ चोख, फायली कच्च्या

बेळगाव तालुक्यातल्या या बी.एड. कॉलेजची पहिल्यांदाच नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद) मानांकनासाठी धावपळ चालू आहे. काम अर्धवट असल्यानं नाव देत नाही. प्रवेश घेणाऱ्यांनी आधी एक घोळ मिटवून घ्यावा. कोर्सला मान्यता एनसीटीई (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद) देते, पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठाची असते, आणि नॅक दर्जा तपासते. भिंतीवर नॅकची पाटी लागली तरी एनसीटीईचा मान्यता आदेश मागून बघावाच.

कॉलेजचं खरं बळ सूक्ष्म पाठात, म्हणजे एकेका अध्यापन कौशल्याच्या छोट्या सराव पाठात आहे. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा ६ मिनिटं पाठ आणि ६ मिनिटं प्रत्याभरण, हे ३६ मिनिटांचं चक्र इथं पुरं होतं. वेळ वाचवायला मधली १२ मिनिटं कापली, की दुसरा पाठ पहिल्यासारखाच होतो. फलकलेखनाच्या एका वहीत शेरा आहे : 'ओळ खाली उतरते, मागच्या बाकाला दिसत नाही.' पुनर्पाठाच्या टिपणात फळ्यावर आधी तीन पुसट रेघा आखल्याची नोंद सापडते. याला प्रशिक्षण म्हणतात.

इंटर्नशिप, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा अनुभव, २० आठवड्यांची असते, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. तिथं हजेरी ९० टक्के लागते. मराठी पद्धतीचे (मराठी अध्यापनाचा विषय घेतलेले) विद्यार्थी खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी शाळांत जातात, ही फार चांगली गोष्ट. कागद मात्र इथंच अडतात. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात आणि निपाणी चिकोडीत, म्हणून परवानगीची पत्रं दोन कार्यालयांची आणि कन्नडमधली. मुख्याध्यापकांचे हजेरीचे दाखले मराठीत. नॅकला या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर सही-शिक्क्यासह लागतं. आतापर्यंतच्या पद्धतीत आयआयक्यूए (नॅककडचा पहिला अर्ज) मंजूर झाल्यावर एसएसआर (स्वयंमूल्यमापन अहवाल) भरायला ४५ दिवस मिळत आणि माहिती ५ वर्षांची द्यावी लागे. भाषांतराचं काम तेव्हा एकट्या क्लार्कच्या गळ्यात पडलं, की एकाच शाळेचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी उमटतं, तारखा जुळत नाहीत आणि डीव्हीव्हीत (नॅकच्या माहिती पडताळणीत) आकडे कापले जातात. पत्र आलं त्याच आठवड्यात भाषांतर करावं, शाळेचं नाव युडायसमध्ये (शाळांच्या सरकारी माहिती नोंदीत) आहे तसंच लिहावं, शेजारी युडायस क्रमांक टाकावा.

विद्यार्थ्यांचे ईमेलही तपासायला हवेत. अर्ज सायबर कॅफेत भरला जातो, तिथं बऱ्याचदा दुकानदाराचाच पत्ता पडतो, आणि नॅकची विद्यार्थी समाधान पाहणी (शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांना विचारलेले प्रश्न) थेट त्या पत्त्यावर जाते.

ग्रंथालय ठीक आहे, मराठी संदर्भग्रंथ पुरेसे आहेत.

सगळ्यात जास्त खटकलं ते मराठी पाठांचं निरीक्षण. मराठी पद्धतीला पूर्णवेळ प्राध्यापक नाही, पाठाला दुसऱ्याच विषयाचे शिक्षक बसतात. निरीक्षण वह्यांत आवाज, हावभाव, तक्ता यांवर शेरे भरपूर आहेत. ऱ्हस्व-दीर्घावर, उच्चारावर, कवितेच्या वाचनावर एकही नाही. फी भरण्याआधी हे पद भरलं का, एवढं विचारून घ्या.