ॲरिझोनाचं ईएसए: पावती तपासतात, शाळा कोण तपासतं?

फिनिक्सला बदली होऊन नवीन मराठी फॅमिली आली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच, की ते ईएसए म्हणजे नक्की काय, खरंच सरकार प्रायव्हेट शाळेचे पैसे देतं का, आणि घ्यावं का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. आम्ही फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो, मोठी मुलगी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारी शाळा-मंडळाच्या पब्लिक शाळेत आहे आणि तिथे छान चाललंय, धाकट्यासाठी मात्र ऑगस्ट २०२४ पासून ईएसए घेतलं, कारण तो वाचनात मागे पडत होता आणि भरलेल्या वर्गात तोंडच उघडायचा नाही. म्हणजे आता दीड वर्षाचा अनुभव आहे, चांगला पण आणि वाईट पण. आधीच सांगते, माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार.

आधी हे काय आहे ते. एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट. मूल पब्लिक किंवा चार्टर शाळेत (सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्था चालवते ती) गेलं असतं तर राज्याने त्याच्यावर जो खर्च केला असता त्याच्या साधारण ९० टक्के रक्कम तुमच्या मुलाच्या नावाच्या अकाउंटमध्ये येते, दर तीन महिन्यांनी. साध्या केसमध्ये वर्षाला ७,००० ते ८,००० डॉलर, किंडरगार्टनला जवळपास निम्मे, आणि डिसॅबिलिटी असलेल्या मुलांना बरेच जास्त, काही कॅटेगरीत ३०,००० च्या वर. हे सुरू झालं २०११ ला, तेही फक्त स्पेशल नीड्सच्या मुलांसाठी, मग हळूहळू इतर गट आत आले. २०१७ ला सगळ्यांना खुलं करायचा कायदा झाला तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला आणि २०१८ ला सरळ सरळ मोठ्या फरकाने फेटाळला. तरी २०२२ ला गव्हर्नर डग ड्यूसी यांनी नवीन कायद्यावर सही केली आणि राज्यातल्या प्रत्येक मुलाला ते खुलं झालं. तेव्हा १२,००० च्या आसपास मुलं होती, २०२४ संपता संपता ८०,००० च्या वर गेली, आणि खर्च वर्षाला एक अब्ज डॉलरच्या घरात. सुरुवातीला जे अर्ज आले त्यातली तीन चतुर्थांश मुलं पब्लिक शाळेत कधी नव्हतीच, म्हणजे ज्यांची आधीच प्रायव्हेट फी भरली जात होती किंवा घरी शिकवलं जात होतं तेच लोक आधी आले. हे सगळं आपल्याच टॅक्सचं आहे हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

अर्ज करणं अगदी सोपं. ऑनलाइन, वर्षभर कधीही, बर्थ सर्टिफिकेट आणि ॲरिझोनाच्या पत्त्याचा पुरावा, ३० दिवसांच्या आत उत्तर. उत्पन्नाची अट नाही. मग एक काँट्रॅक्ट साइन करायचं असतं, ते कृपया वाचून साइन करा, मी आमच्या ओळखीत तीन जण असे बघितलेत ज्यांनी न वाचता खाली क्लिक केलं. त्यात लिहिलेलं असतं की मूल पब्लिक शाळेत घालणार नाही, वाचन-व्याकरण-गणित-सोशल स्टडीज-सायन्स शिकवणार, आणि डिस्ट्रिक्टला आपल्या मुलाला शिकवायच्या जबाबदारीतून मोकळं करतोय. स्पेशल एज्युकेशनचा आयईपी, म्हणजे मुलाला शाळेने काय मदत द्यायची त्याचा लेखी प्लॅन, असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे, कारण पब्लिक शाळेला फेडरल कायद्याने जे द्यावंच लागतं, स्पीच थेरपी म्हणा, वर्गात मदतनीस म्हणा, ते प्रायव्हेट शाळेकडे तुम्ही हक्काने मागू शकत नाही. पैसे जास्त मिळतात पण तो हक्क जातो.

पैसे हातात येत नाहीत. क्लासवॉलेट नावाच्या प्लॅटफॉर्मवर येतात, तिथून शाळेला किंवा ट्यूटरला थेट पेमेंट करता येतं, त्यांच्या मार्केटप्लेसमधून पुस्तकं-साहित्य घेता येतं, किंवा आधी खिशातून भरून पावती टाकून परत मागता येतात. पूर्वी साधं डेबिट कार्ड असायचं आणि त्यावर कॉस्मेटिक्स, कपडे असलं काहीही घेतलं जायचं. २०१८ ला ऑडिटर जनरलच्या तपासणीतून ७ लाख डॉलरच्या वर गैरखर्च बाहेर आला आणि त्यातलं जवळपास काहीच वसूल झालं नव्हतं, त्यानंतर हे सगळं क्लासवॉलेटकडे गेलं. ॲप म्हणून मला त्रास नाही झाला, फी वेळेवर जाते, शिल्लक दिसते, उरलेले पैसे पुढच्या वर्षाला जातात. या भागाला ४ स्टार.

आता देखरेखीचं बोलू, कारण रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच आहे.

जुलै २०२४ मध्ये राज्याच्या मुख्य कायदा अधिकारी, ॲटर्नी जनरल क्रिस मेझ यांनी एज्युकेशन डिपार्टमेंटला कळवलं की कायद्याप्रमाणे जादाचं साहित्य कुठल्यातरी अभ्यासक्रमाला जोडलेलं असायला पाहिजे, तुम्ही तसं न बघता मंजूर करताय. त्यानंतर पेन्सिल, खोडरबर, साध्या गोष्टींच्या पुस्तकालासुद्धा अभ्यासक्रमाचा कागद जोडा असं सुरू झालं. मी पण वॉटर कलरच्या सेटला आर्टचा एक पानी प्लॅन लावला होता, पंधरा मिनिटांचं काम, माझी तक्रार नाही, सरकारी पैसा आहे तर विचारलंच पाहिजे. पण ज्यांच्या घरी तीन-चार मुलं होमस्कूलिंगला आहेत त्यांचे हाल झाले, काही पालक ईएसएच्या बाजूने असलेल्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या संस्थेच्या मदतीने कोर्टात गेले. इकडे रिइम्बर्समेंटच्या, म्हणजे खिशातून भरलेले पैसे परत मागणाऱ्या अर्जांचा ढीग साठत गेला, हजारोंनी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एज्युकेशन डिपार्टमेंटचे प्रमुख, सुपरिंटेंडेंट टॉम हॉर्न यांनी जाहीर केलं की २,००० डॉलरच्या आतलं आधी आपोआप मंजूर करणार आणि तपासणी नंतर करणार. मग २०२५ मध्ये इथल्या १२ न्यूज चॅनेलने खरेदीच्या नोंदी काढून दाखवल्या, त्यात दागिने, आयफोन, गिफ्ट कार्ड. म्हणजे आधी पेन्सिलीला कागद मागायचे, मग २,००० डॉलरपर्यंत काही विचारायचं नाही. मधलं काहीतरी असू शकतं ना, एखादी ठरलेली यादी, त्यातलं झटकन पास, यादीबाहेरचं माणसाने बघायचं.

आणि एक मोठी चोरी झाली ती पावतीतून झालीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले, त्यातले तिघे एज्युकेशन डिपार्टमेंटचेच माजी कर्मचारी, आरोप असा की खोटी कागदपत्रं करून, अस्तित्वात नसलेल्या मुलांच्या नावानेसुद्धा अकाउंट काढून ६ लाख डॉलरच्या वर पैसे काढले. त्याच वर्षाच्या शेवटी कोलोरॅडोतल्या दोघांवर केस झाली, त्यांनी अर्ज केलेल्या मुलांपैकी बहुतेक जन्मालाच आलेली नव्हती असा आरोप. हे वाचल्यावर मी फार वेळ अस्वस्थ होते. मूल खरंच आहे का, कुठल्या शाळेत बसतं, शिकतं का, हे कोणी डोळ्यांनी बघतच नाही, सगळं अपलोड केलेल्या पीडीएफवर चालतं.

हे मला आमच्यावर आलं तेव्हा नीट कळलं. धाकट्याला आम्ही पहिल्या वर्षी एका लहान शाळेत घातलं होतं, मायक्रोस्कूल म्हणतात तसली, ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये दोन खोल्या, बारा मुलं. ओपन हाऊसला गेलो तेव्हा शिकवणाऱ्या बाई इतक्या गोड होत्या की माझा मुलगा पहिल्याच दिवशी त्यांच्याशी बोलला, आणि मला तेवढंच पुरेसं वाटलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर त्या बाई गेल्या. आम्हाला कोणी कळवलं नाही, मुलाकडूनच कळलं, तो म्हणाला आता आम्ही दिवसभर लॅपटॉपवर करतो. विचारलं तर नवीन टीचर येतायत म्हणाले, जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आणि मार्चमध्ये एका शुक्रवारी रात्री ईमेल, की सोमवारपासून शाळा बंद. त्या तिमाहीची पूर्ण फी आम्ही आधीच भरली होती. परत मागायला मी चार ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. मुलगा शनिवारी सकाळी दप्तर घेऊन बसला होता कारण त्याचं चित्र तिथल्या भिंतीवर राहिलं होतं आणि त्याला ते आणायचं होतं.

तेव्हा मी शोधायला बसले की अशा शाळेवर लक्ष कोण ठेवतं. इथे प्रायव्हेट शाळेला राज्याची मान्यता लागतच नाही. ॲक्रेडिटेशन, म्हणजे बाहेरच्या संस्थेने शाळेचा दर्जा तपासून दिलेली मान्यता, घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. ईएसएचे पैसे घेणाऱ्या शाळेने मुलांची राज्याची टेस्ट घ्यायची सक्ती नाही, निकाल कुठे जाहीर करायचा नाही. शिकवणाऱ्या माणसाचे फिंगरप्रिंट तपासायची (गुन्ह्याची नोंद आहे का ते बघायला) अटसुद्धा २०२४ च्या बजेटमध्ये गव्हर्नर केटी हॉब्स आणि विधिमंडळाच्या तडजोडीतून आली, म्हणजे २०२२ पासून दोन वर्षं सगळ्यांसाठी खुली योजना तीही अट नसताना चालली.

माझी आई सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका होती. केंद्रप्रमुख येणार म्हटलं की आदल्या रात्री टाचणवही घेऊन बसायची, हजेरीपट, शेरेबुक सगळं तयार, आणि आम्हाला लहानपणी त्या तपासणीचा कंटाळा यायचा कारण त्या दिवशी आई उशिरा घरी यायची. पण कोणीतरी मोटरसायकलवर बसून त्या गावापर्यंत यायचं, चौथीच्या पोराला उभं करून धडा वाचून घ्यायचं. आपल्याकडे खासगी शाळेलासुद्धा मान्यता, सरकारी नोंदीचा यू-डायस नंबर लागतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब-वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागांचे पैसे शासन थेट शाळेला देतं, पालकाच्या हातात काही येत नाही. तिथेही सगळं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही, प्रतिपूर्ती थकली म्हणून शाळांची ओरड असते, आणि २०२४ मध्ये शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट दिली होती, ती मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये रद्द केली. पण निदान शाळा आहे का, ती कुठे आहे, एवढं तरी सरकारला माहीत असतं.

इथल्या ईएसएच्या बाजूने बोलणारे लोक म्हणतात की पालकच खरा इन्स्पेक्टर, आवडलं नाही तर तो मूल काढून दुसरीकडे नेईल. हे मला अर्धं पटतं. मी काढलंच असतं, पण मी नोकरी करते, सकाळी साडेसातला सोडते, चारला आणते, आणि नऊ वर्षांचं मूल घरी येऊन रिपोर्ट देत नाही. दोन-अडीच महिने गेले तेव्हा कुठे मला अंदाज आला, आणि त्याच्या वाचनाचं एक अख्खं वर्ष गेलं. पेन्सिलीची पावती मागणारं सरकार वर्षातून एकदा त्या दोन खोल्यांत डोकावलं असतं तर डिसेंबरमध्येच कळलं असतं. या भागाला १ स्टार, तो फिंगरप्रिंटच्या नियमासाठी.

मग योजना वाईट आहे का? नाही म्हणवत मला. एप्रिल-मेमध्ये आम्ही त्याच पैशातून एक रीडिंग ट्यूटर लावल्या, आठवड्यातून तीनदा घरी यायच्या, आणि उन्हाळ्यात पोरगा स्वतःहून पुस्तक घेऊन बसायला लागला. खिशातून तेवढं परवडलं नसतं. ट्यूटरच्या भागाला पूर्ण ५. दुसरीकडे फीचं बघा, नावाजलेल्या प्रायव्हेट हायस्कूलची फी २०,००० डॉलरच्या आसपास किंवा वर, तिथे सात-आठ हजार टाकले तरी वरचे स्वतःच भरायचे, ज्याच्याकडे ते नाहीत त्याला ती शाळा बंदच. आणि पब्लिक शाळांवरचा ताण दिसतोय, फिनिक्सच्या दक्षिणेकडच्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने डिसेंबर २०२४ मध्ये पाच शाळा बंद करायचा ठराव केला. त्याला मुलांची घटती संख्या, चार्टर शाळा अशी बरीच कारणं आहेत, एकट्या ईएसएवर ढकलणं बरोबर नाही, पण मूल गेलं की पैसा जातो. माझी मोठी तशाच एका डिस्ट्रिक्टच्या शाळेत आहे त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं लागतं.

ऑगस्ट २०२५ पासून धाकटा दुसऱ्या शाळेत आहे आणि या वेळी मी ओपन हाऊसला हसऱ्या चेहऱ्यावर गेले नाही. ॲक्रेडिटेशन कोणाचं आहे, कागद दाखवा. सगळ्या स्टाफचे फिंगरप्रिंट क्लिअरन्स झालेत का. टीचर वर्षाच्या मध्ये गेली तर किती दिवसांत कळवणार. शाळा बंद पडली तर फी ईएसए अकाउंटला परत करणार का, ते लेखी द्या. स्टँडर्डाइज्ड टेस्ट घेता का आणि निकाल आम्हाला दाखवता का. दोन शाळांनी हे प्रश्न ऐकून पुन्हा फोन केला नाही, तिसरीने सगळे कागद टेबलवर ठेवले, तिथे घातलं. फी पूर्ण वर्षाची एकदम भरू नका, तिमाही-तिमाही भरा. आणि पुन्हा पब्लिक शाळेत जायचं ठरलं तर आधी अकाउंट बंद करा, दोन्ही एकत्र चालत नाही.

टेक्ससला राहणाऱ्यांसाठी एक, तुमच्याकडे २०२६-२७ पासून असंच सुरू होतंय, एक अब्ज डॉलरचं, मुलामागे साधारण १०,००० डॉलर. तुमच्या कायद्यात शाळेला ॲक्रेडिटेशन आणि दोन वर्षं चालू असल्याची अट आहे, मुलांची टेस्टपण घ्यावी लागणार आहे, आमच्याकडे नाही ते तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. फ्रिस्को-प्लॅनोकडचं कोणी घेणार असेल तर पहिली तिमाही झाल्यावर मला नक्की कळवा, शाळेत खरंच कोणी तपासायला आलं का ते मला ऐकायचंय.